दाखला आणि उपचार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. साहजिकच तपासणीचे व दाखल्याचे महत्त्व वाढले. ते उचितच आहे. श्रवणदोष ओळखला न गेल्यास गुणी मूलही वर्गात 'ढ' ठरते.

परंतु तपासणारे आणि उपचार करणारे हात तेच असतात, तेथे प्रश्न बिकट होतो. वाचा-उपचारतज्ज्ञाचा दिवस अहवाल लिहिण्यातच सरला, तर निदान झालेल्या मुलाने बोलायला कधी शिकावे? दाखल्याने सवलत मिळते. वाचा फुटत नाही.

म्हणून आठवड्यातील उपचारांचे तास आधी राखून ठेवावेत व उरलेल्या वेळात तपासण्या कराव्यात, असे आमचे मत आहे. यामुळे नव्या मुलांना थांबावे लागेल, हे आम्ही जाणतो. तेव्हा प्राथमिक चाळणी शिक्षकांनी व गृहपालांनी शिकून घ्यावी आणि दृष्टी वा श्रवणाची शंका येताच त्या मुलास अग्रक्रम द्यावा. तज्ज्ञांनी नेमून दिलेला सराव वसतिगृहात रोज व्हावा. सुट्टीत पालकांनी तो खंडित होऊ देऊ नये.

या क्षेत्रात शिक्षण घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस जरी शाळेस दिला, तरी रांगेतील काही मुलांचे बालपण प्रतीक्षेत सरणार नाही. देणगीइतकेच हे दानही मोलाचे आहे.