आडनावावरून गुन्हेगार ओळखू नका



पुण्यात ‘कोयता गँग’ म्हणवणाऱ्या पोरांच्या टोळक्याने गाड्या फोडल्या की रस्त्यावरच्या काचा झाडून व्हायच्या आत आपण निकाल देऊन मोकळे झालेलो असतो. पकडलेला मुलगा आपल्यातला निघाला तर ‘घरात शुभंकरोती नाही, संस्कार कमी पडले’. दुसऱ्या धर्माचा निघाला तर ‘त्यांना लहानपणापासून हेच शिकवतात’. पारधी जमातीचा निघाला तर कुणाला काही बोलायचीही गरज वाटत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून आहे.

हा न्याय किती खोटा आहे, हे महाराष्ट्राने स्वतःच्या घरात पाहिले आहे.

३० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजी सायंप्रार्थनेला निघाले होते. त्या प्रार्थनेत गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसेही गीता मानणारा. अंबाल्याच्या तुरुंगात फाशी जातानाही त्याच्याजवळ गीता होती. लहानपणी तो कुलदेवतेपुढे बसला की त्याच्या तोंडून देवी बोलते, अशी घरच्यांची श्रद्धा होती. संस्कार कमी पडले म्हणणाऱ्यांनी सांगावे, आणखी किती हवे होते?

‘बघा, धर्मच माणसाला खुनी करतो’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनीही घाई करू नये. साने गुरुजी गोडसेच्याच कोकणस्थ ब्राह्मण समाजातले. पालगडच्या त्यांच्या घरातही व्रते, स्तोत्रे, सोवळेओवळे सगळे होते. त्यांच्याच बालपणावरच्या ‘श्यामची आई’मध्ये महारवाड्यातल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते आणि ती तिला एकटीला उचलवत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. सोवळे सुटले नाही, पण मोळी आधी उचलली गेली. तोच श्याम मोठेपणी, मे १९४७ मध्ये, विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषणाला बसला. गांधीहत्येनंतर त्याच गुरुजींनी २१ दिवस उपवास केला.

आणि त्याच दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जमावाने ब्राह्मणांची घरे जाळली. ज्या बायकापोरांनी पिस्तूल कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांचीही. खुनी त्यांच्या जातीचा, एवढाच पुरावा. आज दुसऱ्याच्या वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांनी ती राख आठवावी.

गोडसेच्या हातातले पिस्तूल देवघरातून आले नव्हते, ते ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. त्याआधी पुण्यात ‘अग्रणी’ हे दैनिक काढून रोज पेटवलेला द्वेष होता, नारायण आपटेसारखा साथीदार होता, गांधीजींना मारण्याचा २० जानेवारीचा फसलेला प्रयत्न होता. ही सगळी वाट तो जाणत्या वयात, संगतीने आणि समजून-उमजून चालला. तिचा हिशेब त्याच्याकडे आणि त्याच्या साथीदारांकडेच मागायचा.

म्हणून धर्माच्या नावाने विष ओकणाऱ्याला मोकळे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कीर्तनात, तकरीरीत किंवा प्रार्थनासभेत कुणी शेजाऱ्याला शत्रू ठरवत असेल, तर त्या माणसाविरुद्ध नावानिशी पोलिसांत तक्रार द्या. त्याच्यासमोर बसलेल्या सगळ्यांना आरोपी करू नका.

गाड्या फोडताना अल्पवयीन मुलगा पकडला गेला की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याने त्याची सामाजिक तपासणी करायची असते. घरची परिस्थिती काय, शाळा कधी आणि का सुटली, व्यसन कुठले, उठबस कुणाबरोबर, हे त्यात यायला हवे. आपल्या चाळीत, सोसायटीत, मंडळात हेच प्रश्न विचारा. कोयता कुणी दिला? त्याला पुढे घालून मागे कोण राहिला? शाळेतून नाव कमी झाले तेव्हा घरी कोण गेले होते?

नगरसेवक मते मागायला येतील तेव्हा प्रभागातल्या शाळा सोडलेल्या मुलांची यादी त्यांच्याकडे मागा. आणि भाड्याने खोली मागायला आलेल्याला आडनाव विचारून परत पाठवू नका.