एका ओळीवरील अभिप्राय

चित्रपटाची कथा एका वाक्यांत सांगतां आली पाहिजे, ही अट आतां कोणाला नवी राहिलेली नाहीं. या वाक्याला ‘लॉगलाईन’ म्हणतात. आपण त्याला कथासूत्र म्हणूं. पेण-रोह्याकडील तरुण मंडळीही अशीं सूत्रें लिहूं लागली आहेत, आणि दिवा-रोहा गाडीनें मुंबईची वाट धरण्यापूर्वीं तीं घरांतल्या वडील माणसांना, शिक्षकांना, शेजारच्या वाचनवेड्या काकांना दाखवीत असतात. येथपर्यंत सर्व ठीक आहे. माझें भांडण आहे तें पुढच्या क्षणाशीं. वडील माणूस तें वाक्य वाचतो, चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, “छान आहे.”

“छान आहे” हा अभिप्राय नव्हे, ती सुटका आहे; आणि तीही लेखकाची नसून अभिप्राय देणाराची. भिडेला सौजन्य म्हणण्याची आम्हां मध्यमवर्गीयांना फार जुनी खोड आहे. मुलाच्या गणितांतली चूक आपण भिडेनें झांकीत नाहीं. उलट चारचौघांत ती सांगतों. मग त्याच्या कथेंतली पोकळी तेवढी कां झांकावी? कारण उघड आहे. गणितावर पोट भरतें आणि कथा हा सुटीचा खेळ, अशी आपली मनांतली समजूत असते, आणि खेळांत चूक दाखविण्याचे श्रम कोण घेतो? ज्या स्तुतीला आपण उत्तेजन म्हणतों तिच्या पोटीं अशी अनास्था असते. मुलें हें ओळखतात. बोलत नाहींत इतकेंच.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हें सर्वांत नाजूक काम समजलें जातें. शिकाऊ पोराच्या हातून डोळा तिरपा गेला तर “मूर्ति छान आहे” म्हणून ती तशीच गिऱ्हाइकाकडे धाडणारा कारखानदार धंद्यांत फार दिवस टिकणार नाहीं. आणि प्रत्येक तिरप्या डोळ्यापायीं मूर्ति फोडणाराही टिकणार नाहीं. रेघ कोठें उतरली तें बोटानें दाखवावें लागतें. मातीच्या बाबतींत जें आपल्याला सहज पटतें, तें शब्दांच्या बाबतींत मात्र उद्धटपणाचें वाटतें!

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतों. माझ्या एका विद्यार्थ्यानें आणलेलें सूत्र असें होतें: “खारेपाटांतल्या एका शेतकऱ्याच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी.” आतां ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द लेखकाचा नव्हेच. हृदयाला स्पर्श झाला कीं नाहीं, हें प्रेक्षकानें सांगावयाचें. आणि ‘संघर्ष’ हा शब्द मराठी कथासूत्रांतून पांच वर्षें हद्दपार केला तर आपल्या निम्म्या लेखकांना कथा शोधावी लागेल. राहतां राहिला ‘एक शेतकरी’. तो कोण, हें वाक्याला ठाऊक नव्हतें. लेखकाला मात्र पक्कें ठाऊक होतें, आणि नेमकी हीच जागा अभिप्राय देणारानें हेरावयाची असते.

पेणपासून अलिबागकडे पसरलेल्या खारेपाटांत शेतें भरतीच्या पातळीहून सखल असतात. खाडी आणि भात यांच्यामध्यें मातीचा बांध तेवढा असतो. त्याला खांड पडली कीं खारें पाणी आंत शिरतें आणि पुढें कांहीं वर्षें पीक धड येत नाहीं. मीं त्या मुलाला विचारलें, “खांड कोठें पडते?” तो म्हणाला, “सर, त्याच्या भावाच्या शेतासमोर.” “मग भावानें बुजवावी.” “भाऊ तेथें राहत नाहीं. आणि दोघांचा दहा वर्षें अबोला आहे.” “घाई कसली?” “अमावास्येच्या उधाणांत बांध फुटला. पौर्णिमेला पुन्हा उधाण. तोंवर खांड बुजली नाहीं तर याचेंही शेत गेलें.” “हें सारें सूत्रांत कां नाहीं?” “तें पुढें पटकथेंत येतें ना!”

घरांतले दागिने ट्रंकेंत ठेवून लेंकीला रित्या गळ्यानें दाखवावयास बसविण्यासारखेंच हें झालें. त्यानें तेथल्या तेथें नवें वाक्य लिहिलें: “दहा वर्षें अबोला धरलेल्या भावाच्या शेतासमोर पडलेली खांड पंधरा दिवसांत एकट्यानें बुजविली नाहीं, तर स्वतःचेंही शेत खारें होणार, अशा पेंचांत सांपडलेला शेतकरी.” वाक्य अजून लांबट आहे, पण त्यांत माणूस आहे. त्यांतला एकही शब्द माझा नाहीं.

हें मुद्दाम सांगतों, कारण ‘छान आहे’वाल्यांहून अधिक धोक्याचा असा एक दुसरा वर्ग अलीकडे निपजला आहे. केवळ झोडपणाऱ्यांविषयीं मी लिहीत नाहीं. त्यांनीं केलेली इजा निदान दिसते तरी. हा दुसरा वर्ग हौशी मार्गदर्शकांचा. दोन दिवसांचें शिबिर करून आलेला हा मार्गदर्शक नायक, ध्येय, अडथळा आणि मुदत अशी चौकट घेऊन बसतो आणि कोणाचेंही सूत्र तींत कोंबतो. आमच्या भावाला त्यानें एव्हांना जमिनीचा दलाल करून हातीं पिस्तुल दिलें असतें. चौकट निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. वरचे माझे प्रश्न तरी तिच्याहून फार निराळे कोठें आहेत? पण प्रश्न विचारून थांबणें वेगळें आणि उत्तरही आपणच देणें वेगळें.

१९३७ सालचा प्रभातचा ‘कुंकू’ पाहा. फसवून वृद्ध विधुराशीं लग्न लावलेली तरुणी तें लग्न मानण्यास नकार देते. हें सूत्र त्या मार्गदर्शकापुढें ठेवलें असतें तर तो म्हणाला असता, “नायिका घर सोडून कां जात नाहीं? तिला पळवा, मागें माणसें लावा.” शांताराम आणि ना. ह. आपटे यांनीं तिला त्याच घरांत ठेवलें, आणि नवऱ्यासमोर राहून दिलेल्या नकारांतच त्या चित्रपटाचें बळ आहे. उलट, जेथें प्रश्न खरोखरच विचारावयास हवा तेथें मार्गदर्शक पुष्कळदां गप्प असतो. ‘श्वास’ची कथा कोणी “मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो” एवढीच सांगितली, तर ती केवळ आपत्ति होते. जीव वाचवावयाचा तर दृष्टि जाणार, आणि हें कळल्यावर शस्त्रक्रियेआधीं आजोबा नातवाला रुग्णालयांतून बाहेर नेतो, येथें कथा सुरू होते. “याची किंमत कोण भरतो?” एवढें विचारावें, आणि गप्प बसावें.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चें सूत्र कितीही नेटकें लिहिलें, तरी विष्णुपंत पागनिसांची मुद्रा त्यांत कोठून येणार? येणार नाहींच. म्हणूनच अभिप्राय सूत्रापुरता द्यावा; एका ओळीवरून सबंध चित्रपटाला बरा-वाईट ठरवूं नये, आणि लेखकाला तर नाहींच नाहीं.

स्पष्ट बोलण्यानें मुलें खचतात, असें मला कित्येक पालकांनीं ऐकविलें आहे. तो खारेपाटाचा विद्यार्थी आठवड्यानें आणखी तीन सूत्रें घेऊन आला. दोहोंतून ‘संघर्ष’ गेला आहे. तिसऱ्यांत त्यानें तो हट्टानें ठेवला आहे, आणि तेथें तो लागतोच असें त्याचें म्हणणें आहे. येत्या रविवारीं त्यावर आमचें भांडण व्हावयाचें आहे.