गिरणीतली धूळ आधी मापात पकडा

अनसिंगसारख्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात धान्य चाळायचे, डाळ भरडायची म्हणजे धूळ आलीच. ती पकडणारा सायक्लोन अंदाजाने पत्रा वाकवून नव्हे, गणित करून बनवायला हवा. हवा त्यात कडेने शिरून गरगरते, जड कण भिंतीला लागून खाली घसरतात, उरलेली हवा मधल्या नळीतून वर जाते. हवेचा वेग तोच ठेवून व्यास कमी केला, तर बारीक कणही सापडतात. म्हणून एका अवाढव्य सायक्लोनपेक्षा लहानांची जोडी सरस ठरते.

वीजबिल वाढेल, हा आक्षेप रास्त आहे, कारण वेग दुप्पट केला की दाबाची घट जवळपास चौपट होते. पण सुधारणा वेगातच असते असे नाही. तळाशी हवाबंद झडप बसवली, तर बाहेरची हवा शिरून साचलेली धूळ पुन्हा उडत नाही. थेट कापडी फिल्टरच का नको? अडीच मायक्रॉनखालच्या कणांसाठी तो हवाच. मात्र आधी सायक्लोनने भरड धूळ काढली, तर पिशव्या जास्त टिकतात. मिनी डाळ मिल देणाऱ्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आता सायक्लोनचे प्रमाणित आराखडेही गिरणीवाल्यांना द्यावेत. गिरणीत राबणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी एवढे व्हायलाच हवे.