रंग तुमचा, खोळंबा विणकराचा

श्रावण लागला की फोनवर हिरवे स्टोल उगवायला लागतात. 'मॉन्सून कलेक्शन', 'हातमागावर विणलेले', 'फक्त सहा पीस'. दिवाळीनंतर तेच पेज विटकरी आणि मोहरीच्या रंगाकडे वळतं. संक्रांतीला काळा, होळीच्या आसपास पळसाचा केशरी. खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस पडतो आणि 'स्लो फॅशन'चा जयजयकार होतो.

मला त्या रंगांवर राग नाही. राग आहे तो हिशोबावर. हातमागावर रंग बदलायला वेळ लागतो, त्या वेळेची किंमत असते, आणि जिथे मजुरी नगावर ठरते तिथे ती किंमत विणकर स्वतःच्या खिशातून भरतो. आपण ज्याला ऋतूचा रंग म्हणून मिरवतो, त्यात त्याचे फुकट गेलेले दिवस विणलेले असतात.

मी देहूरोडला राहते, हिंजवडीत कोड लिहिते. आमच्या घरात कुणी विणकर नाही. बाबांची नोकरी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये गेली. या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही: मशीन थांबलं की पैसा जळतो. एक डाय उतरवून दुसरी चढवायला किती मिनिटं लागली याची इथे नोंद होते, आणि तो 'सेटअप टाइम' पार्टच्या किमतीत धरला जातो. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने डाय बदलायचं काम दहा मिनिटांच्या आत आणायची पद्धत मांडली, ती जगभरच्या वाहन कारखान्यांनी उचलली. माझ्या कामातही तेच. क्लायंटने मध्येच स्क्रीनवरच्या बटणाचा रंग बदलायला सांगितला तर 'चेंज रिक्वेस्ट' निघते आणि ते तास बिलात जातात. रंग बदलणं फुकट असतं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

आता मागावर या. एक स्टोल धरू, ८० इंच लांब आणि २८ इंच रुंद. इंचाला ६० उभे धागे धरले तर ताण्यात १६८० धागे झाले. इंचाला ५० आडवे धागे धरले तर धोटा ४००० वेळा इकडून तिकडे जायला हवा, तेव्हा एक स्टोल होतो. हे झालं विणणं. त्याची मजुरी मिळते, कमी का होईना.

पण ताण्याचा रंग बदलायचा म्हटलं की काय होतं? सूत रंगवायचं, वाळवायचं, त्याला खळ द्यायची, नवा ताणा तयार करायचा. मग मागावर उरलेल्या जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्या धाग्याचं टोक पीळ देऊन जोडायचं. १६८० वेळा. एखादा चुकला तर कापडात ती रेघ शेवटपर्यंत दिसते. या सगळ्या दिवसांत मागावर इंचभरही कापड तयार होत नाही. नगावर मजुरी असेल तर या दिवसांची कमाई शून्य.

आणि हे काम एकट्याचं नसतं. आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला घरातली माणसं बसलेली असतात. २०१९-२०च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत विणकर आणि पूरक काम करणारे मिळून ३५.२२ लाख लोक मोजले गेले, त्यांत शंभरातल्या सुमारे ७२ बायका. याच गणनेप्रमाणे दोन तृतीयांशच्या आसपास विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं. एवढ्या कमाईच्या घराकडून आपण दर दोन महिन्यांनी नवा रंग मागतो, तोही सहा-सहा नगांत.

सहा नगांचा अर्थ काय ते बघा. समजा, ताणा बदलायला तीन दिवस गेले आणि दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली. तयारीचे १८०० झाले. त्या ताण्यावर सहाच स्टोल काढले तर एका स्टोलवर ३०० रुपये बसतात. तीस काढले तर ६०. आकडे तुमच्या मनाने बदलून बघा, उत्तराची दिशा बदलणार नाही. नग जितके कमी, तितका तयारीचा भार जास्त. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दाची जादू विकणाऱ्याला भाव मिळवून देते आणि मागावर तोच शब्द खोळंबा होऊन पडतो.

यावर पहिलं उत्तर येतं परंपरेचं. ऋतूप्रमाणे रंग ही म्हणे आपली जुनी रीत. कुठली रीत? नवरात्रीचे नऊ रंग आज सगळीकडे पाळले जातात, पण ते मूळ वारावरून ठरतात, सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, आणि त्यांना घराघरात नेलं ते या शतकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'ने. लोकलच्या डब्यातला तो एकरंगी आनंद मलाही आवडतो. फक्त त्याला मागाची परंपरा म्हणू नका. संक्रांतीची काळी चंद्रकळा ही खरी जुनी गोष्ट. पण ती दर संक्रांतीला नवी घेत नसत. पेटीत जपलेली तीच बाहेर निघायची, वर्षानुवर्षं. ऋतू आला की कापड नेसायचं, ही रीत होती. ऋतू आला की कापड विकत घ्यायचं, ही आपण लावलेली सवय आहे.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. नवे रंग नसतील तर तरुण पोरं हातमाग घेणार नाहीत, आणि मागणीच नसेल तर विणकराला मजुरी कुठली? बरोबर आहे. म्हणूनच मी रंग बदलू नका असं म्हणत नाही. ताणा कमी वेळा बदला, बाणा हवा तितका बदला. आडवा धागा बदलायला कांडी बदलली की झालं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पैठणीचे जुने रंग बघा. काळा आणि पांढरा मिळून गुजरी, काळा आणि लाल मिळून मिराणी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, की कापडाला धूपछाव येते, हलवलं की झाक बदलते. एका काळ्या ताण्यावर तीस स्टोल लावा. सहा पांढऱ्या बाण्याचे, सहा लाल, सहा हिरवे, सहा मोहरी, सहा निळे. पाच रंग झाले, प्रत्येकाचे 'फक्त सहा पीस' झाले, आणि तयारीचा भार एका नगाला ६० रुपयांवरच राहिला. यात शुद्ध पोपटी मिळणार नाही, काळ्याची झाक राहणारच. पण आमच्या घोरावडेश्वराचा डोंगर आषाढात बघा. त्याच्या हिरव्याखालीही काळा कातळ दिसतोच की.

आणि अगदी एकरंगीच हवा असेल तर घ्या, पण तयारीचे दिवस मोजून पैसे द्या. तेही नको असेल तर यंत्रमागाचं कापड घ्या, त्यात लाज काही नाही. फक्त त्याला हातमाग म्हणू नका.

सरकारने काय केलं? १९८५च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. २००६मध्ये हातमाग चिन्ह आलं. २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला. २०२०मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ मात्र बरखास्त झालं. चिन्ह असलेलं कापड हाताने विणलंय एवढं ते चिन्ह सांगतं. विणायच्या आधीचे दिवस कुणी भरले, हे ते सांगत नाही. ते विचारायचं काम गिऱ्हाइकाचं आहे, म्हणजे आपलं.

आपण डिलिव्हरीवाला कुठल्या सिग्नलला थांबलाय ते नकाशावर बघणारी पिढी आहोत. पुढचा 'सीझन ड्रॉप' दिसला की बदाम टाकायच्या आधी पेजला दोन प्रश्न विचारा: या ताण्यावर किती नग काढले? ताणा बदलला त्या दिवसांची मजुरी दिली का, आणि किती? ज्यांनी दिली असेल ते आनंदाने आकडा सांगतील, त्यांच्याकडून शंभर-दोनशे जास्त देऊन घ्या. ज्यांचं उत्तर 'डीएम करा' असेल, त्यांच्या हिरव्या स्टोलवाचूनही श्रावण नीट जातो.