कोंड्याचा मांडा किती दिवस?

तानसा नदीच्या काठावरील अकलोली हे भिवंडी तालुक्यातील गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीचे दर्शन घेऊन येथे स्नान करण्यासाठी मुंबई-ठाण्याहून भाविक व पर्यटक येतात. अकलोलीच्या कुंडांतील पाणी इंधनाविना तापते. या परिसरातील चुलींचे मात्र तसे नाही. त्यांवर काय शिजणार, हे बाजारातील भाव, हाती आलेली मजुरी आणि डब्यात उरलेले जिन्नस ठरवतात. घरात आहे त्यातच निभावून नेण्याच्या कौशल्यासाठी मराठीत 'कोंड्याचा मांडा करणे' असा समर्पक वाक्प्रचार आहे. हे कौशल्य कौतुकास पात्र आहे, यात शंका नाही. परंतु महागाईची झळ शोषून घेण्याचे काम किती काळ त्याच्यावरच सोपवायचे, हा प्रश्न कौतुकाच्या भरात विचारलाच जात नाही.

मराठी स्वयंपाकघरात काटकसरीची परंपरा जुनी आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला दिलेली फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, उरलेल्या आमटीत पीठ भिजवून लावलेली थालीपिठे ही तिची परिचित उदाहरणे. जुलै २०२३मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा अनेक घरांत आमटीच्या आंबटपणाची जबाबदारी चिंच, आमसूल आणि ताकाने उचलली. या सवयीचे सामाजिक मोलही मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरगुती होते. भारतात दरडोई वर्षाला ५५ किलो अन्न घरांतून वाया जाते, असा याच अहवालाचा अंदाज आहे. ज्या घरात पुरेसे अन्न येते, तेथे काटकसर हा संस्कार ठरतो.

पण भिवंडी, शहापूर, वाडा या पट्ट्यातील कातकरी, वारली, मल्हार कोळी कुटुंबांच्या घरी हीच काटकसर वेगळे रूप घेते. पावसाळ्यात, नवे भात हाती येण्यापूर्वीच्या महिन्यांत, साठवणीचे धान्य संपत आलेले असते. तेव्हा शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी या रानभाज्या ताटाला आधार देतात. शेवळे नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. टाकळ्याची पाने कोवळी असतानाच खुडावी लागतात. हे ज्ञान पिढ्यान्पिढ्यांच्या गरजेतून सिद्ध झालेले आहे. दिवाळीनंतर यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे हंगामाचा हिशोब अखेरीस होतो आणि तोवर आठवड्याला मिळणाऱ्या 'खर्ची'वर चूल चालते. खर्ची ठरलेली आणि भाव मात्र बदलते. अशा वेळी मूठभर सुकट आणि तांदूळ एवढ्यावरच निभावले जाते.

येथे एक क्रम लक्षात घ्यायला हवा. भाव वाढले की गरीब घरातील भात किंवा भाकरी सहसा शेवटपर्यंत टिकते. आधी फळे आणि दूध जाते, मग भाजी कमी होते, तेलाची धार आखडते आणि डाळ पातळ होत जाते. पोट भरते, पण पोषण होत नाही. आणि जी बाई सर्वांना वाढून अखेरीस जेवायला बसते, तिच्या वाट्याला या कपातीचा मोठा भाग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. या आकड्यांमागे कारणे अनेक आहेत, पण ताटातून हळूहळू नाहीशी होणारी डाळ त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येणार नाही.

महागाईच्या अधिकृत निर्देशांकात ही कपात दिसत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये देशातील अन्नधान्याची किरकोळ महागाई १०.८७ टक्क्यांवर पोहोचली होती. वर्षभरात चित्र पालटले आणि ऑक्टोबर २०२५मध्ये हाच दर शून्याखाली ५.०२ टक्के नोंदला गेला. निर्देशांक भाव मोजतो. भाव चढलेले असताना मुलांच्या ताटातून काय गेले आणि भाव उतरल्यावर त्यातील काय परत आले, हे तो सांगत नाही. बाईने त्यासाठी वेचलेला वेळही त्यात नसतो. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. स्वस्तातली भाजी शोधणे, रानात जाणे, लाकूडफाटा आणणे, उरलेल्याचे नवे काही करणे हे सारे श्रम आहेत. पैशांची बचत वेळेच्या खर्चातून होते आणि तो खर्च कोणत्याही ताळेबंदात मांडला जात नाही.

शासनाची मदत येते ती प्रामुख्याने धान्याच्या रूपाने. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. या योजनेने उपासमार रोखली, हे तिचे मोठे यश आहे. परंतु २०२३-२४च्या कुटुंब खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागातील एकूण खर्चापैकी ४७ टक्के अन्नावर होत असताना तृणधान्यांचा वाटा सुमारे ५ टक्केच होता. मोफत धान्यामुळेही तो कमी दिसत असेल. तरीही खिशाला खरा चटका डाळ, तेल, भाजी आणि दुधाचा बसतो, हे उघड आहे. महाराष्ट्राने २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' देऊ केला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल प्रत्येकी एक किंवा त्याइतके मिळाले. पण सण एका दिवसाचा, स्वयंपाक रोजचा. तामिळनाडूत शिधापत्रिकेवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दरात नियमित देण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. आपल्याकडे ते अशक्य का मानावे?

या राज्यातील स्त्रियांनी हा प्रश्न पूर्वी विचारला आहे. १९७२च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईत महागाईविरोधी आघाडी उभी राहिली आणि लाटणी-थाळ्या घेऊन गृहिणी रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर रास्त भावात द्या, अशी त्यांची मागणी होती. भागवून घेण्यात तरबेज असलेल्या बायकांनीच भागत नाही हे जाहीरपणे सांगितले, म्हणून शासनाला त्याची दखल घ्यावी लागली.

आज करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. रास्त भावाच्या दुकानात डाळ आणि तेल नियमित यावे. स्थलांतरित कुटुंबाला वीटभट्टीजवळच्या दुकानात शिधा विनातक्रार मिळावा, कारण शिधापत्रिकेची ही सुविधा कागदोपत्री आहेच. ऑगस्टमध्ये भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांची उमेद अंगणवाडीच्या रोजच्या आहारापर्यंत पोहोचावी आणि त्या भाज्या आणणाऱ्या बायकांना योग्य मोल मिळावे. कोंड्याचा मांडा करणारे हात कुशल आहेतच. त्या हातांत कोंड्याऐवजी कणीक येईल, याची व्यवस्था करणे हे शासनाचे काम आहे.