जुलाब थांबले, तरी लक्ष असू द्या
अकोटात लग्नाच्या पंगतीनंतर पोट बिघडलं, की मीठ-साखरेचं पाणी प्यायचं आणि विसरून जायचं, अशी आपली रीत. बहुतेकदा तेवढ्यानं भागतंही. पण जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते; तोच हा सिंड्रोम. म्हणून जुलाबानंतरच्या एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढवेना, तर तडक दवाखाना गाठा. त्याआधीचं काम स्वयंपाकघरातलं: पाणी उकळा, कोंबडी आतपर्यंत शिजवा, कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीला लावू नका आणि दुपारचा उघड्यावरचा मसालेभात रात्रीच्या पाहुण्यांना वाढू नका.