सांधेदुखी आणि तेलाची बाटली

‘सांधे दुखतात’ एवढे ऐकताच महानारायण तेलाची बाटली पुढे करण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ झाला आहे. संधिगतवातात स्नेहन युक्तच. परंतु माधवनिदानात स्वतंत्र अध्यायात वर्णिलेल्या आमवातात, सामावस्थेत, अभ्यंगाने शोथ व जाड्य वाढते. तेथे चक्रदत्तोक्त वालुकापोटलीचा रूक्ष स्वेदच हितकर. वाळूस मोल पडत नाही, म्हणूनच बहुधा तिची शिफारस होत नाही! गंधपुरा तेलाबाबतही सावधगिरी हवी. त्यातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाऊन वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णात रक्तस्रावाचा धोका वाढविते. औषधविक्रेत्या बंधूंनी विक्रीपूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : सकाळी सांधे सुजून आखडतात काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास बाटली फळीवरच ठेवून रुग्णास वैद्याकडे पाठवावे.